सहा फुटांचा तलाव आणि पाच इंचांचा स्लॅब

(तृतीय वर्ष, सिव्हिल)

मासे हलके असतात. इतके हलके, की घरात ॲक्वेरियम आणायचं ठरतं तेव्हा चर्चा होते ती गोल्डफिश घ्यायचे की ऑस्कर, फिल्टर आतला की बाहेरचा, दिवा पांढरा की निळा, एवढीच. वजनाचा विषय कुणी काढतच नाही. छोट्या, दोन फुटी टँकसाठी तो काढायची गरजही नसते. पण टँक सहा फुटी असेल, तर पहिला प्रश्न माशांचा नसतो, जमिनीचा असतो.

सिव्हिलला असण्याचा एक तोटा म्हणजे नातेवाईकांच्या घरातली प्रत्येक भेग आपल्याला दाखवली जाते. या वेळी मात्र माझ्या मामाने चांगला प्रश्न विचारला. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर त्याचा फ्लॅट आहे आणि त्याला अरोवाना पाळायचा आहे. हा मासा दोन-अडीच फूट वाढतो, त्यामुळे त्याला टँकही तसाच लागतो: सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. मामा म्हणाला, "तू सांग, स्लॅब घेईल का?" उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. ते कसं काढायचं, ते या लेखात सांगते. कॉम्प्युटर आणि ईएनटीसीच्या मंडळींनी घाबरू नये, आकडे सोपे आहेत.

आधी वजन करू

टँक काठोकाठ भरत नाहीत, वर दोन इंच सोडतात. म्हणजे पाणी ६ × २ फूट आणि बावीस इंच उंच, एकूण २२ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे सुमारे ६२० लिटर, म्हणजेच ६२० किलो. काच १२ मिमी जाडीची धरली तर तळ आणि चार बाजू मिळून ४४ चौरस फूट काच लागते. काच पाण्याच्या अडीचपट जड असते, त्यामुळे तिचे १२० किलो. तळाची खडी आणि शोभेचे दगड ८० किलो, स्टँड, झाकण, फिल्टर वगैरे ८०. बेरीज ९०० किलो.

मारुती ८०० आठवते? तिचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पण ती सगळ्यांनी पाहिलेली आहे. ती गाडी रिकामी असताना साधारण साडेसहाशे किलोची. म्हणजे आपण हॉलमध्ये मारुतीपेक्षा जड वस्तू आणतो आहोत, आणि तीही फक्त १२ चौरस फुटांत. साठ किलोचा एक माणूस धरला तर ही पंधरा माणसं झाली. रेल्वेच्या भाषेत एका चौरस मीटरवर १४ ते १६ माणसं उभी असली की त्याला 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणतात. आपला टँक म्हणजे जवळजवळ तेवढीच गर्दी, सकाळची डोंबिवली फास्ट. फरक एवढाच की लोकल सीएसएमटीला रिकामी होते. हा टँक दहा वर्षं रिकामा होत नाही.

स्लॅब किती घेतो?

आपल्याकडे इमारतींवरचा भार आय. एस. ८७५ या कोडप्रमाणे धरतात. त्याच्या दुसऱ्या भागात (१९८७) राहत्या घराच्या खोल्यांसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन लाइव्ह लोड दिला आहे, म्हणजे साधारण २०० किलो. माणसं, सोफा, कपाटं, पाहुणे, सगळं त्यात आलं. बाल्कनीसाठी हाच आकडा ३ आहे.

आपला टँक ९०० किलो, म्हणजे जवळजवळ ९ किलोन्यूटन, आणि तो १.१ चौरस मीटरवर उभा. भागाकार केला की ८ येतात. म्हणजे कोडच्या चौपट! इथे बरेच जण घाबरून कॅल्क्युलेटर बंद करतात आणि "नाही जमणार" म्हणतात. दुसरा गट म्हणतो, "अरे, मामाचा हॉल १० बाय १५ फूट आहे, त्याचे साडेतेरा चौरस मीटर, गुणिले दोन म्हणजे २७ किलोन्यूटन. आपला टँक तर फक्त नऊचा! बिनधास्त ठेव."

दोन्ही गट अर्धवट बरोबर आहेत. स्लॅबला चौरस मीटरचा हिशेब कळत नाही आणि एकूण बेरीजही कळत नाही. त्याला कळतं ते वाकणं, म्हणजे आपल्या ओळखीचं बेंडिंग मोमेंट. (याचा मराठी शब्द ओरलला कुणी विचारत नाही, म्हणून मी तेच म्हणणार.)

ओढ्यावरची फळी

ओढ्यावर एक लांब फळी टाकली आहे असं समजा. तुम्ही काठाजवळ उभे राहिलात तर फळी हूं की चूं करत नाही. तुम्ही तेच, वजनही तेच, पण मध्यभागी गेलात की फळी वाकते. स्लॅब म्हणजे एक रुंद फळी आहे आणि बीम म्हणजे तिचे काठ. भार मुख्यतः आखूड बाजूने, म्हणजे मामाच्या हॉलमध्ये दहा फुटांच्या बाजूने, बीमकडे जातो.

आता आखूड बाजूने स्लॅबची एक मीटर रुंदीची पट्टी कापून घेऊ. लांबी ३ मीटर. पट्टी दोन टोकांना नुसती टेकलेली आहे असं धरू. ही सुरक्षित बाजूची समजूत आहे, कारण खरा स्लॅब शेजारच्या स्लॅबशी जोडलेला असतो आणि भार आजूबाजूलाही पसरतो. कोडच्या २ किलोन्यूटनमुळे मध्यभागी मोमेंट येतो २ × ३ × ३ ÷ ८ = २.२५ किलोन्यूटन-मीटर. लाइव्ह लोडसाठी डिझायनरने इतकी सोय केलेली आहे.

टँकची लांबी १.८३ मीटर, म्हणून पट्टीच्या वाट्याला ४.८ किलोन्यूटन येतात. टँक हॉलच्या मधोमध ठेवला तर मोमेंट होतो सुमारे ३.२. म्हणजे मर्यादेच्या बाहेर. तोच टँक पाठ भिंतीला लावून ठेवला, आणि त्या भिंतीखाली बीम आहे, तर टँकचा मध्य बीमपासून जेमतेम ३५ सेंटिमीटरवर येतो. मोमेंट दीडच्याही आत. तोच टँक, तोच स्लॅब, तेच वजन. फक्त जागा बदलली आणि उत्तर 'नाही'चं 'हो' झालं.

अर्थात त्याच पट्टीवर समोर पुस्तकांनी भरलेलं गोदरेजचं कपाटही असेल तर ही बचत संपते. आणि 'भिंत' म्हणजे कुठली भिंत तेही बघावं. साडेचार इंची पार्टिशनच्या खाली बीम असेलच असं नाही. खालच्या घरात जाऊन छताकडे बघितलं की बीम कुठून कुठे जातो ते दिसतं. सोसायटीकडे आर.सी.सी. ड्रॉइंग असेल तर फारच उत्तम.

कोडचा लाइव्ह लोड येतो-जातो, पाहुणे जेवून घरी जातात. टँक मात्र रात्रंदिवस तिथेच. कायमच्या भाराखाली काँक्रीट हळूहळू वाकत राहतं, त्याला क्रीप म्हणतात. आय. एस. ४५६ प्रमाणे एक वर्षाच्या काँक्रीटवर भार टाकला तर क्रीपचा गुणांक १.१ धरतात, म्हणजे काँक्रीटमध्ये पहिल्या दिवशी जितकं आकुंचन होतं, त्याहून थोडं जास्तच पुढच्या वर्षांत होतं. जुन्या इमारतीत हा आकडा कमी असेल, पण शून्य नाही. म्हणून गणितात काठावर पास होऊन चालत नाही, डिस्टिंक्शन पाहिजे.

सगळ्यात वाईट जागा, जी सगळ्यात आवडते

मामाने मनात जागा आधीच ठरवली होती: हॉलच्या टोकाला, खिडकीपाशी. उजेड छान, सोफ्यावरून समोर दिसतं. मी फरशीकडे बघितलं, मग वर छताकडे. छतावर हॉल आणि खिडकी यांच्या मध्ये आडवा बीम होता. म्हणजे ती जागा हॉल नव्हतीच! ती जुनी बाल्कनी. आधीच्या मालकाने मधली भिंत काढून, काचा लावून, सलग फरशी टाकून ती आत घेतली होती. मुंबई-ठाण्यात आणि पुण्यात असे हॉल हजारोंनी असतील.

ही जागा धोक्याची का? कारण बहुतेक बाल्कन्या कँटिलिव्हर असतात, एका बाजूला धरलेल्या आणि दुसऱ्या बाजूला अधांतरी. इथे ओढ्याचा एकच काठ आहे. बाल्कनी चार फूट, म्हणजे १.२ मीटर बाहेर असेल तर कोडच्या ३ किलोन्यूटनने मुळाशी मोमेंट येतो २.१६. टँक बाहेरच्या कडेला ठेवला तर त्याचा एकट्याचा मोमेंट ४ च्या वर जातो, जवळजवळ दुप्पट. शिवाय ग्रिल, काचा आणि खिडकीचं वजन आधीपासून टोकाला आहेच.

दुसरं कारण गणितात दिसत नाही. कँटिलिव्हरमध्ये मुख्य सळ्या वरच्या बाजूला असतात. स्लॅब ओतताना घमेली घेऊन माणसं त्याच सळ्यांवरून चालतात आणि त्या खाली दबतात. पाच इंचांच्या स्लॅबमध्ये सळई एक इंच खाली गेली तर ताकदीचा मोठा भाग गेला. वरून फरशी, त्यामुळे नंतर कुणाला दिसत नाही. पावसाचं पाणीही तिथेच मुरतं. आणि दोन्ही बाजूंनी धरलेला स्लॅब आधी झोळ देऊन, भेगा दाखवून सांगतो की मला त्रास होतोय. कँटिलिव्हर तेवढा वेळ देईलच याची खात्री नाही.

मामाला हे सगळं सांगितलं तरी तो म्हणाला, "अगं, इतकी वर्षं काही झालं नाही." मग आम्ही दोघं खाली दुसऱ्या मजल्यावर गेलो. त्यांनीही बाल्कनी आत घेतलेली. बरोबर त्या जागेखाली त्यांच्या आजींची खाट होती, कारण आजींनाही खिडकीचा उजेड आवडतो. मामा काही बोलला नाही. वर आल्यावर त्याने स्वतःच मेजरिंग टेप काढली आणि आतल्या बीमवाल्या भिंतीची लांबी मोजली. सात फूट भरली.

स्टँडची गोष्ट

जमीन ठरली की स्टँड. दुकानात मिळणारे तयार स्टँड बहुतेक अँगलचे आणि चार पायांचे असतात. तीन फुटांपर्यंत ठीक. सहा फुटांना काय होतं बघू. ४० × ४० × ५ मिमीचा अँगल घेतला आणि मध्ये पाय दिला नाही, तर पुढच्या एका अँगलवर जवळजवळ ४ किलोन्यूटन पसरलेला भार येतो. गणिताने वाक येतो ३० मिमी आणि स्ट्रेस जवळजवळ ५०० न्यूटन प्रति चौरस मिमी. साधं स्टील २५० ला यील्ड होतं. म्हणजे हा स्टँड नापास, ग्रेस मार्क देऊनही.

आता मधोमध एक एक पाय द्या. अंतर निम्मं झालं. वाक अंतराच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणजे तो सोळापट कमी, दोन मिमीच्याही आत. स्ट्रेस १२० च्या आसपास. दोन पायांच्या खर्चात एवढा फरक! अँगलऐवजी ५० × ५० × ३ मिमीचा चौकोनी पाईप घेतला तर वाक अर्ध्या मिमीवर येतो. मामाला हाच सांगितला, कारण काचेला वाकणं अजिबात सहन होत नाही. लोखंड वाकून मोकळं होतं. काच सिलिकॉनचा जोड सोडते किंवा कोपऱ्यातून तडकते.

पण मधल्या पायाची एक गंमत आहे. सलग अँगल तीन पायांवर असला तर मधला पाय एकटाच त्या बाजूचा ५/८ भार घेतो. म्हणजे आपल्या मधल्या पायाखाली २५० किलो. नुसत्या अँगलचं टोक म्हणजे पावणेचार चौरस सेंटिमीटर जागा. उंच टाचेची चप्पल फरशीवर काय करते तसंच हे. फरशीखाली पोकळी असेल तर फरशी फुटलीच. म्हणून प्रत्येक पायाखाली निदान १०० × १०० मिमीची प्लेट वेल्ड करावी, आणि त्याहून चांगलं म्हणजे पुढे आणि मागे खालून पूर्ण लांबीचा पाईप द्यावा. मग भार सहा टिंबांवर न येता दोन रेघांवर येतो.

तिसरी गोष्ट तिरके पट्टे. चार बाजूंची चौकट बाजूने ढकलली की समांतरभुज चौकोन होते, हे आपण शाळेत काड्यांनी करून बघितलेलं आहे. त्रिकोण मात्र हलत नाही. पाठीमागे आणि दोन्ही टोकांना एक एक तिरकी पट्टी हवीच. फॅब्रिकेटर म्हणतो "गरज नाही, वेल्डिंग मजबूत आहे". तरी लावून घ्यावी. कुणी टेकलं, मुलं धडकली, भूकंपाचा लहानसा धक्का आला, तर पाणी हिंदकळतं आणि ते बाजूनेच ढकलतं. वेल्डिंगसुद्धा सलग हवं, नुसते टॅक मारलेले नकोत. वर रेड ऑक्साईड आणि मग ऑइलपेंट, कारण इथे रोज पाणी सांडणार आहे.

स्टँडवर १८ मिमीचा प्लाय, त्यावर अर्ध्या इंचाचा थर्मोकोल आणि मग टँक. थर्मोकोल एखाद-दोन मिमीचा खडबडीतपणा गिळतो. स्टँडचा झोळ तो लपवू शकत नाही. जमीन उतरती असेल तर पाणसळ लावून पाचर स्टँडच्या पायाखाली घालायची, टँकच्या खाली कधीच नाही.

एक सल्ला हमखास मिळतो: "लोखंड कशाला, विटांचा पक्का ओटा बांध!" हिशेब करा. सहा बाय दोन बाय अडीच फुटांचा भरीव ओटा म्हणजे ३० घनफूट वीटकाम, साधारण १६०० किलो. म्हणजे टँकला आधार द्यायला आपण जवळजवळ दोन टँक आणखी ठेवले. तळमजल्यावर चालेल, तिसऱ्यावर नाही.

जमीन मजबूत करता येते का?

येते, पण वरून नाही. जाड कोबा किंवा आणखी एक फरशीचा थर टाकून स्लॅब मजबूत होत नाही, फक्त जड होतो. खरं काम खालून होतं: स्लॅबच्या खाली, टँकच्या रेषेत, एका बीमपासून दुसऱ्या बीमपर्यंत लोखंडी आय-सेक्शन टाकायचा आणि त्याच्या नि स्लॅबच्या मधली फट आकुंचन न पावणाऱ्या ग्राउटने घट्ट भरायची. फट राहिली तर स्लॅब तेवढा वाकेपर्यंत आय-सेक्शन आरामात बसून राहतो. त्याची टोकं बीमवर किंवा भार घेणाऱ्या भिंतीवरच टेकली पाहिजेत. आणि हे सगळं होतं खालच्या माणसाच्या छताला. त्यांची परवानगी, सोसायटीची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनियरचं डिझाइन, तिन्ही हवं. थर्ड इयरच्या मुलीचा लेख त्यात धरत नाहीत.

छताला सळईच्या रेषेत भेगा, गंजाचे डाग किंवा पापुद्रे सुटून उघड्या पडलेल्या सळ्या दिसल्या, तर वरची सगळी गणितं रद्द. आधी दुरुस्ती.

जुन्या वाड्यात किंवा चाळीत कडीपाटाची जमीन असेल तर नियम वेगळा: टँक कड्यांना आडवा ठेवायचा, म्हणजे भार एका कडीवर न येता चार-पाच कड्यांवर वाटला जातो, आणि तोही भिंतीजवळ. कडीचं भिंतीत गेलेलं टोक ओल आणि वाळवीने आतून पोकळ झालेलं असू शकतं, ते टोचून बघायचं. जुन्या कडीला लागून नवी कडी बोल्टने जोडतात, पण तिचीही टोकं भिंतीवर टेकली पाहिजेत. खरं सांगायचं तर नऊशे किलो तिथे नकोतच. तळमजला सगळ्यात सोपा, फक्त ती जागा भूमिगत टाकीच्या झाकणस्लॅबवर किंवा पार्किंगच्या वर नाही ना, एवढं बघायचं.

टँक भरताना

सहाशे वीस लिटर म्हणजे वीस लिटरच्या एकतीस बादल्या. एका संध्याकाळी भरायची घाई करू नये. आधी खालच्या आणि आपल्या घरात ज्या भेगा आहेत त्यांच्या टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी. मग पाव टँक भरावा, एक दिवस थांबावं, पाणसळ लावावी, भेग खुणेच्या पुढे गेली का बघावं. मग अर्धा, मग पाऊण. पुढे निघाली तर पाणी काढून टाकणं फार सोपं आहे, एक पाईप पुरतो. मासे पूर्ण भरल्यावरही आठवडाभर आणू नयेत. अरोवानाला घाई नसते, आणि नव्या पाण्याला फिल्टरमधले जिवाणू तयार व्हायला त्याहूनही जास्त वेळ लागतो.

मामाच्या इमारतीचं ड्रॉइंग सोसायटीच्या कपाटात सापडलं आणि एका स्ट्रक्चरल इंजिनियरने ते बघून त्या सात फुटी भिंतीला हिरवा कंदील दिला. टँक आता तिथे आहे. खिडकीपासून लांब असल्यामुळे शेवाळंही कमी धरतं.

हॉस्टेलवाल्यांसाठी शेवटचं. आपल्या मजल्यावर कोणी सहा फुटी टँक आणणार नाही, वॉर्डन सर दोन फुटीलाही परवानगी देत नाहीत. पण हाच हिशेब पुढे घरी लागेल: गच्चीवरच्या जादा पाण्याच्या टाकीला, पुस्तकांच्या भिंतभर रॅकला, बाल्कनीतल्या मातीच्या कुंड्यांना. वजन काढा, बीम शोधा, भार काठाशी न्या, आणि ठरवायच्या आधी एकदा खालच्या मजल्यावर जाऊन या. आपली जमीन हे त्यांचं छत असतं, आणि त्यांना आपल्या माशांबद्दल कुणी विचारलेलं नसतं.